बाबांचा २०१८ चा फोन: वापरू द्यावा की बदलावा?

मांजलपूरची_लेक

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय. प्रश्न साधा वाटेल, पण महिनाभर डोक्यात घोळतोय.

बाबा ७६ वर्षांचे. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी एकटे राहतात, मी मांजलपूरला. एक दिवसाआड जाऊन येते. त्यांचा फोन मीच २०१८ च्या दिवाळीत घेऊन दिलेला, अँड्रॉइड ८.१ चा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत जायचे. यंदा गुडघ्याने अडवलं, म्हणून घरूनच चेहरा दाखवून जीवन प्रमाण करू म्हटलं, तर प्ले स्टोअरने हे ॲप या फोनवर चालत नाही असं सांगितलं. माझ्या फोनवरून दहा मिनिटांत काम झालं. पण मग मी त्यांच्या फोनची सेटिंग्ज उघडून बघत बसले. ‘सुरक्षा पॅच’पुढे तारीख होती १ जून २०१९. त्यानंतर काहीच आलेलं नाही.

याच फोनवर त्यांची पेन्शन जमा होते त्या बँकेचं ॲप आहे, औषधवाल्याला आणि दूधवाल्याला यूपीआयने पैसे जातात, ओटीपीचं सिमही त्यातच. फोन तसा चालतो. चार्जरची पिन एका ठरावीक कोनातच लागते, म्हणून बाबांनी तिच्याखाली पोस्टकार्डाची घडी करून ठेवलीय. गुरुवारी दत्तमंदिरात भजन असतं, तिथे हा फोन तानपुरा असतो. हेडफोनच्या भोकातून वायर काढून छोट्या स्पीकरला लावतात, काळी एकचा सूर लावून समोर ठेवतात. ‘नव्या फोनला हे भोक नसतं,’ असं त्यांनी मला आधीच ऐकवलंय.

‘चालतोय ना? मग कशाला?’ हे त्यांचं म्हणणं, आणि मला ते खोडून काढता येत नाही. धोका खरंच आहे का, असला तर किती, एवढं कोणी समजावून सांगेल का? हातातून काढून घ्यायचा नाहीये मला. पटवून द्यायचंय.

कारेलीबाग_ते_कोथरूड

ताई, मी मूळचा कारेलीबागचा, आता पुण्यात, काम सॉफ्टवेअरचंच. तुम्ही बरोबर जागी पाहिलंत. फोन किती साली घेतला यापेक्षा ती पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख जास्त महत्त्वाची.

२०१५ च्या उन्हाळ्यात अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची मोठी चूक सापडली. नुसत्या एका एमएमएसने फोनचा ताबा जाऊ शकत होता, माणसाने तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला अँड्रॉइडच्या चुकांची आणि दुरुस्त्यांची यादी जाहीर करतं. ती यादी सगळ्यांसाठी खुली असते. दुरुस्ती ज्याच्या फोनवर पोचली तो वाचला. ज्याच्यावर पोचली नाही, त्याच्या फोनचं कुठलं दार उघडं आहे हे चोरालाही घरबसल्या वाचता येतं. पॅच बंद झाले की फोन आहे तिथेच राहतो, यादी मात्र दर महिन्याला वाढत जाते.

बाबांच्या फोनचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२० च्या यादीत ब्लूटूथची एक चूक होती. अँड्रॉइड ८ आणि ९ वाल्या फोनचं ब्लूटूथ चालू असेल, तर जवळ बसलेला माणूस त्यात स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकत होता, आणि मालकाला कशालाही हात लावावा लागत नव्हता. त्यासाठी फोनचा ब्लूटूथ पत्ता माहीत असावा लागतो, म्हणजे हे काही रोज रस्त्यावर घडत नाही. पण बाबांचा पॅच जून २०१९ चा, म्हणजे ते दार आजही उघडं आहे. आज संध्याकाळी जाल तेव्हा आधी ब्लूटूथ बंद करून टाका.

‘ॲप तर अपडेट होतात की’ असं लोक म्हणतात. होतात, आणि त्याचा फायदाही होतो. पण ॲप म्हणजे घरातलं सामान. भिंती म्हणजे खालची सिस्टीम, चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम), ब्लूटूथ, वायफाय. त्यांची डागडुजी फोन बनवणाऱ्या कंपनीकडूनच येते. आणि आता सामानही अडकायला लागलंय. क्रोम ब्राउझरची १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची आवृत्ती, १३९ ला अँड्रॉइड १० लागतं. बऱ्याच ॲपच्या आत उघडणारी वेबपानंही या फोनवर क्रोमच्याच इंजिनावर चालतात, म्हणजे तीही तिथेच थांबली.

अनुराधा_वाघोडिया_रोड

आमच्याकडेही अगदी हेच, फक्त आई आहे आणि २०१७ चा फोन आहे. वाचतेय.

सूरसागरकाठ

मला थोडं वेगळं सांगायचंय. सात वर्षं एकच फोन वापरतोय, एक रुपया गेला नाही. आपल्या ओळखीत ज्यांचे पैसे गेले त्यांचे कसे गेले ते आठवून बघा. कोणी फोनवर पोलीस असल्याचं सांगितलं, कोणी वीजबिल थकल्याची भीती घातली, आणि माणसाने आपल्या हाताने आकडा सांगितला. तिथे नवा फोन काय करणार? म्हाताऱ्या माणसाच्या हाताला एका फोनची सवय झालेली असते, बोट न बघता जागेवर जातं. तो बदलला की चुका वाढतात आणि भीतीही वाढते. चालत्या वस्तू फेकायची ही जी घाई लागलीय, तिचा मला मनापासून त्रास होतो.

निवृत्त_बँकवाली

सूरसागरकाठ, तुमची कळकळ समजते आणि निम्मं म्हणणं मान्य आहे. मी ३१ वर्षं काउंटरवर काढली. आता उरलेलं निम्मं सांगते.

गेल्या लग्नसराईत आमच्या सोसायटीतल्या एका भाऊंच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून. पत्रिका म्हणजे फोटो नव्हता, पीडीएफही नव्हती, एपीके फाइल होती, म्हणजे दाबली की फोनवर ॲप चढवणारी. त्यांनी दाबली. फोनने काहीतरी विचारलं, त्यांनी ‘परवानगी द्या’ केलं, पुन्हा विचारलं, पुन्हा दिली. पत्रिका काही उघडली नाही, म्हणून विसरून गेले. त्या रात्री खात्यातून तीन वेळा पैसे गेले. ओटीपी कोणी विचारला नव्हता, कारण त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळालेली होती आणि ओटीपी परस्पर पुढे जात होते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा हातात फोन धरला होता आणि अंगठा थरथरत होता. माझ्यासमोर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावला, तक्रार झाली, थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. रात्रीच लावला असता तर जास्त अडली असती. या कामात तास मोजले जातात, दिवस नाही.

त्यांचा फोन काही फार जुना नव्हता. म्हणून तुमचं निम्मं म्हणणं मान्य.

पण लेकी, तुझ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट ओटीपीचं सिम आहे. लोक नवा फोन घेतात, बँकेचं ॲप त्यात घालतात, आणि ‘नंबर सगळ्यांकडे आहे’ म्हणून सिम जुन्याच फोनमध्ये ठेवतात. तिजोरी नव्या घरात नेली आणि किल्ली जुन्या घराच्या कोनाड्यात विसरली, तसं होतं ते. पैशाचं काय करायचं हे ठरवशील तेव्हा सुरुवात सिमपासून कर, ॲपपासून नको.

कारेलीबाग_ते_कोथरूड

काकू, सिमचा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायलाच हवा होता.

फसवणुकीत नवा फोन काहीच करत नाही असं मात्र नाही. अँड्रॉइड ८ च्या आधी बाहेरची ॲप टाकायला एकच खटका होता, एकदा चालू केला की सगळ्यांना मोकळं रान. ८ पासून ज्या ॲपमधून फाइल आली, त्याला वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड १३ पासून, अशी बाहेरून आलेली फाइल ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागायला लागली की फोन आधी अडवतो. स्क्रीन वाचणं, परस्पर बटणं दाबणं हे सगळं चोर त्याच परवानगीने करतात. भाऊंसारखा माणूस दोनदा ‘हो’ म्हणेल, पण चौथ्या आडकाठीला कदाचित मुलाला फोन करेल. तेवढ्यासाठीही नवी आवृत्ती मोलाची आहे.

खांच्यातला_कारागीर

मरीमातानो खांचो इथे रिपेअरिंग करतो, १६ वर्षं झाली. वर सॉफ्टवेअरचं सगळं बोलून झालंय, मी हाताला लागतं ते सांगतो.

ताई, तो फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि कोपऱ्यावर बोट टेकवा. डुगडुगला, किंवा स्क्रीन आणि बॉडीच्या मध्ये नखाएवढी फट दिसली, किंवा स्क्रीनच्या मधोमध पिवळट डाग आला असेल, तर बॅटरी फुगतेय. तसं असेल तर चार्जिंग त्याच मिनिटाला बंद. दाबून बसवायला जाऊ नका, टेप मारू नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं की आग लागते, पाणी टाकायलाही वेळ मिळत नाही. माझ्या टेबलावर वाळूची बादली याचसाठी असते.

पिन तिरकी ठेवावी लागते म्हणालात. दहातल्या सहा फोनांत पोर्ट खराब नसतं, खिशातला कापसासारखा कचरा आत दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पट्टी वाकते. तरी ढिलं वाटलं तर घेऊन या, चार्जिंगची पट्टी बदलून मिळते.

बॅटरी बदलून मिळेल, पण कुठली टाकताय ते विचारा. नव्या बॅटरीवर बनवल्याचा महिना असतो, तो बघून घ्या. दोन-तीन वर्षं बॉक्समध्ये पडलेली बॅटरी नवी नसते. आणि या मॉडेलची स्क्रीन फुटली तर मेलेल्या फोनची काढलेलीच बसवावी लागेल, नवी येत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं असं मला वाटतं.

लष्करवाला_ग्वाल्हेर

ग्वाल्हेरहून. मी आयफोन ६एस वापरतो, २०१५ चं मॉडेल. आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टीम, १५ च्या पुढे त्यात जात नाही, पण सप्टेंबर २०२५ मध्येही त्याला सुरक्षेचं अपडेट आलं. म्हणजे दहा वर्षांचा फोन बाबांच्या सात वर्षांच्या फोनपेक्षा जास्त सांभाळलेला निघाला. व्हॉट्सॲपला आता आयओएस १५.१ लागतं, त्यामुळे तेही चालतंय, काठावर आहे इतकंच. बॅटरी मात्र एकदा बदलावी लागली.

दत्ता_इंदूर

माझ्याकडे अँड्रॉइड ६ चा टॅब आहे. गेल्या वर्षापासून बऱ्याच साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतं. तारीख-वेळ बरोबर आहे. व्हायरस असेल का?

कारेलीबाग_ते_कोथरूड

दत्ताजी, व्हायरस नाही. साइट खरी आहे हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ओळखतो. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था असंख्य साइटना फुकट प्रमाणपत्रं देते, पण अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या उपकरणांत तिची मूळ ओळखच भरलेली नाही. जुन्या एका ओळखीच्या आधाराने गाडी सप्टेंबर २०२४ पर्यंत ओढली, मग तो आधार संपला. ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लावून घेऊ नका. खऱ्या-खोट्या साइटला मग तीच इशाऱ्याची खूण येईल आणि तुम्हाला दोन्ही सारख्याच वाटतील. त्या टॅबवर आधीच उतरवून घेतलेली गाणी ऐका, पुस्तकं वाचा, त्यासाठी छान आहे.

हॉस्टेलचा_इंजिनिअर

एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. काकांच्या फोनवर लिनिएजओएस (हौशी लोकांनी बनवलेली अँड्रॉइडची मोफत आवृत्ती) टाकता येत असेल तर नवं अँड्रॉइड आणि नवे पॅच मिळतील. मी माझ्या जुन्या फोनवर केलंय, मस्त चालतो. रविवारी येऊन करून देऊ शकतो.

कारेलीबाग_ते_कोथरूड

मित्रा, घरी जाऊन करून द्यायची तयारी दाखवलीस, फार बरं वाटलं. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडावं लागतं, आणि उघडा बूटलोडर दिसला की बँकेची बरीच ॲप फोनला नकार देतात. शिवाय चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर दुरुस्त करणं थांबवलं असेल तर ती भोकं लिनिएजलाही बुजवता येत नाहीत. तुझ्यासाठी उत्तम, ७६ वर्षांच्या माणसाच्या पेन्शनसाठी नको.

विश्वामित्रीच्या_बाजूला

सुरक्षेचं खूप बोलून झालं, मला ‘उपयोगी आहे का’ यावर बोलायचंय.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आम्ही पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. खाली कमरेपर्यंत पाणी, वीज गेलेली. माझ्या सासूबाईंचा फोन सहा वर्षांचा होता. एरवी दिवसभर जायचा, कारण दुपारी आणि संध्याकाळी त्या नकळत थोडा थोडा चार्ज करायच्या. त्या दिवशी ५८ टक्क्यांवरून दोन फोन केल्यावर तो सरळ बंद पडला. माझ्या नणंदेला रात्रभर वाटत राहिलं की आईला काहीतरी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांच्या फोनवरून आवाज ऐकला तेव्हा ती रडायला लागली.

एकटं राहणाऱ्या माणसाचा फोन चार्जरपासून लांब, एका दमात किती तास टिकतो हे एकदा घड्याळ लावून बघा. आम्ही आता दर पावसाळ्याच्या आधी बघतो.

सूरसागरकाठ

हे वाचून मी माझाच फोन सकाळी पूर्ण चार्ज करून ठेवून दिला होता. दुपारी दोनला २१ टक्के. पॅचची तारीखही पाहिली, २०२० ची आहे. चालत्या वस्तू टाकू नयेत हे मत बदललेलं नाही, पण बँकेचं ॲप मी आज त्यातून काढलं.

मांजलपूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी बाबांच्या शेजारी बसून एक एक उत्तर वाचून दाखवलं. ब्लूटूथवर ‘अस्सं’ म्हणाले. पुराचं वाचताना काहीच बोलले नाहीत, फक्त फोन उचलून टक्के पाहिले. मग स्वतःच म्हणाले, ‘पैशाचं तुझ्या म्हणण्याप्रमाणे कर. तानपुरा माझा राहू दे.’

तर नवा फोन घ्यायचा ठरलंय. दोन प्रश्न. घेताना काय बघू, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कुठल्या क्रमाने करू?

कारेलीबाग_ते_कोथरूड

दुकानात कॅमेरा आणि रॅम ऐकवतील. तुम्ही एकच विचारा, सुरक्षा अपडेट कुठल्या वर्षापर्यंत, आणि ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं दाखवा म्हणा. पिक्सेल ८ ला आणि गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचं वचन आहे, पण तेवढं महाग घ्यायची गरज नाही. गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचं आहे. वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. म्हणून सवलतीत दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत तर ती दोन वर्षं आधीच गेलेली असतात. जॅक, म्हणजे हेडफोनचं भोक, हवा असेल तर तेही मॉडेल बघूनच घ्या. तसे फोन कमी झालेत, पण मिळतात.

निवृत्त_बँकवाली

क्रम मी सांगते. आधी फोटो आणि व्हॉट्सॲप नव्यात न्या, दोन्ही फोन शेजारी ठेवून, क्यूआर दाखवून होतं. मग सिम नव्या फोनमध्ये. त्यानंतर यूपीआय, कारण ते त्याच सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतं. पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, तेव्हा औषधांचं मोठं बिल त्या दिवशी ठेवू नकोस, नाहीतर बाबांना वाटेल नवा फोन बिघडला. बँकेचं ॲप शेवटी. सगळं दोन दिवस नीट चाललं की जुन्यातली ॲप काढ, गूगल खात्यातून बाहेर पड, आणि तुझ्या फोनवर खात्याच्या उपकरणांच्या यादीत जुना फोन उरला नाही ना ते बघ.

आणि हे सगळं एका बैठकीत उरकू नकोस. बाबांच्या बोटाने करू दे, तू शेजारी बस.

मांजलपूरची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय. नवा फोन आला, जॅक असलेलाच मिळाला. पहिले चार दिवस कठीण गेले. फोन उचलायला बोट वर सरकवायचं की बाजूला, यात दोनदा माझे फोन कापले गेले. आम्ही रोज संध्याकाळी मी इथून आणि त्यांनी तिथून पाच पाच वेळा फोन लावायचा सराव केला. अक्षरं मोठी केली, पहिल्या पानावर फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि कॅमेरा एवढंच ठेवलं. दूधवाल्याला पहिले पैसे त्यांनी एकट्याने पाठवले आणि मला पावतीचा फोटो पाठवला.

जुना फोन पूर्ण पुसून पुन्हा लावला, कारागीरदादांकडून बॅटरी बदलून आणली. तानपुऱ्याचं ॲप टाकून घेतलं आणि मग खातं काढलं. आता त्यात सिम नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. गुरुवारी समोर ठेवला तेव्हा मध्ये कोणाचा फोन आला नाही, व्हॉट्सॲपचं टिंग वाजलं नाही. बाबा म्हणाले, सात वर्षांत पहिल्यांदा अख्खं भजन एका सुरात झालं.

आता एवढंच सांगा, आठवडाभर नुसता पडून असतो, तर चार्जरला लावूनच ठेवू का?

खांच्यातला_कारागीर

नको ताई. अर्ध्याच्या आसपास चार्ज करून बंद करून ठेवा, उन्हात किंवा फ्रिजवर नाही. बुधवारी रात्री लावा, भरला की काढा. आणि महिन्यातून एकदा टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवून बघत जा.